मराठी डिजिटल पुस्तकाचे मुखपृष्ठ : आज्ञावलीची पूर्वतयारी आणि लिपीची शुद्धता
(रायगड किनारपट्टीवरील महाविद्यालयीन प्रकाशनांच्या संदर्भात)

सारांश

महाविद्यालयांची संशोधनपर व स्थानिक विषयांवरील प्रकाशने आता मोठ्या प्रमाणावर डिजिटल स्वरूपात येऊ लागली आहेत. अशा पुस्तकाचे मुखपृष्ठ तयार करताना चित्र व रंग यांचा विचार होतो, परंतु ज्या आज्ञावलीत ते तयार करावयाचे तिची मराठीसाठी पूर्वतयारी करण्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ही पूर्वतयारी तांत्रिक असली तरी मुळात भाषाविषयक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्यासाठी आज्ञावलीची निवड, कळफलक, फाँट, चाचणी-ओळ, पृष्ठाचा आकार, रंग, हक्क आणि शोधक्षमता या अंगांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : मुखपृष्ठ, युनिकोड, देवनागरी, मुक्त आज्ञावली, ई-पुस्तक, रायगड.

प्रस्तावना

उरणपासून अलिबाग, मुरूड व श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनाऱ्यावर अभ्यासविषयांची वाण नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात झालेला शेतकऱ्यांचा संप, मुंबईत विजेवरील ट्राम येण्यापूर्वी १९०४ मध्ये अलिबागला उभारलेली भूचुंबकीय वेधशाळा, कोर्लई येथील पोर्तुगीजमिश्रित बोली, मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज, सिद्दींचा जंजिरा, आगरी व कोळी गीते अशा कितीतरी विषयांवर या परिसरात लेखन होऊ शकते आणि होतही असते. लघुशोधप्रकल्पांचे अहवाल, चर्चासत्रांतील निबंधांचे संग्रह, स्मरणिका ही त्याची नेहमीची रूपे होत. ही प्रकाशने मर्यादित प्रतींत छापली जातात व थोड्याच वर्षांत कपाटबंद होतात. डिजिटल पुस्तकामुळे ही मर्यादा ओलांडता येते. मात्र डिजिटल पुस्तक हाती घेऊन चाळता येत नाही. वाचकाला प्रथम दिसते ते पडद्यावरील टपाल तिकिटाएवढे मुखपृष्ठ, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच पुस्तक उघडावयाचे की नाही याचा निर्णय होतो.

मराठी मुखपृष्ठाला मोठी परंपरा आहे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१), वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठाला पुस्तकाचा चेहरा मिळवून दिला. त्या काळी शीर्षकाची अक्षरे बहुधा हाताने रेखाटली जात. जोडाक्षर कसे बांधावे, वेलांटी कोठवर न्यावी, मात्रेला किती जागा सोडावी हे कलावंताची नजर व हात ठरवीत असत. आज हे काम फाँट आणि आज्ञावली यांच्याकडे गेले आहे. आज्ञावलीला मराठी लिपीचे नियम नीट कळले नाहीत, तर चित्र कितीही सुबक असले तरी शीर्षक चुकते. म्हणूनच मुखपृष्ठाचे काम चित्रापासून नव्हे, तर आज्ञावलीच्या पूर्वतयारीपासून सुरू करणे इष्ट ठरते.

समस्येचे स्वरूप : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

ही बाब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. रायगड जिल्ह्याच्या पश्चिमेस पहिले आहे, पूर्वेस सह्याद्रीत दुसरे. दोन्ही शब्दांत ‘र’ आणि ‘य’ यांचाच संयोग आहे. परंतु पहिल्यात ‘र’ रफाराच्या रूपाने ‘या’च्या डोक्यावर जातो व मागील अक्षरावर आघात येतो. दुसऱ्यात तो आडव्या वळणाने ‘या’च्या डावीकडे राहतो व आघात येत नाही. मुखपृष्ठावर हा भेद पुसला गेला तर समुद्रावरील पुस्तक डोंगरावरचे होते. ‘किनारा’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. त्याला विभक्तिप्रत्यय लागताच ‘किनाऱ्यावर’, ‘किनाऱ्याचा’ अशी रूपे होतात आणि तेथे हाच आडवा ‘र’ लागतो. म्हणजे या परिसरावरील पुष्कळ शीर्षके या एकाच अक्षराशी अडण्याची शक्यता असते.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत या दोन अक्षरांसाठी स्वतंत्र सोय आहे. ‘दर्या’मध्ये साधा ‘र’, हलन्त चिन्ह व ‘य’ यांचा क्रम असतो, तर ‘दऱ्या’मध्ये साध्या ‘र’ऐवजी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर येते. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीचा तिच्यात समावेश आहे. ‘ॲ’ या मराठी अक्षराला मात्र त्यात स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. त्यामुळे जुन्या संगणकांतील जुन्या फाँटमध्ये ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसते.

युनिकोडपूर्व काळात, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही दीर्घकाळ, मराठी मजकूर वेगळ्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकित होत असे. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक मालिकाच राही. महाविद्यालयांच्या जुन्या धारिकांत असा मजकूर विपुल आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार व आडवा ‘र’ यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून जुन्या धारिकेतील शीर्षक उचलून मुखपृष्ठावर चिकटवू नये. ते नव्याने टंकित करावे.

आज्ञावलीची निवड

मुखपृष्ठासाठी दोन प्रकारच्या आज्ञावली लागतात. अक्षरे व रेषा गणिती रूपात साठविणारी एक आणि छायाचित्रावर संस्कार करणारी दुसरी. पहिल्या प्रकारात इंकस्केप व दुसऱ्या प्रकारात गिंप या मुक्त आज्ञावली उपयुक्त आहेत. दोन्ही विनामूल्य असून कितीही संगणकांवर बसविता येतात. ज्या महाविद्यालयाला संपूर्ण संगणककक्षासाठी परवाने विकत घेणे परवडत नाही त्याच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. दोन्ही आज्ञावली देवनागरीची जोडणी करणारी यंत्रणा अंगभूत घेऊन येतात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे योग्य जागी बसतात. आवरणाबरोबर आतील पानांचीही मांडणी करावयाची असेल तर स्क्रायबस वापरता येते. मात्र तिची १.४ ही जुनी आवृत्ती देवनागरी जोडू शकत नव्हती. ही क्षमता असलेली पहिली स्थिर आवृत्ती, म्हणजे १.६, जानेवारी २०२४ मध्ये आली. जुनी आवृत्ती वापरून ‘या आज्ञावलीत मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

ज्यांच्याकडे ॲडोबी कंपनीच्या सशुल्क आज्ञावली आहेत त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत मजकुराची यंत्रणा मुळात रोमन लिपीसाठी लावलेली असते. पसंतीच्या यादीतील ‘टाइप’ विभागात जाऊन तेथे दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा परिच्छेद-रचनाकार निवडतात. हे न केल्यास ‘शिक्षण’ शब्दातील वेलांटी ‘श’च्या पुढे जाते व ‘क्ष’ फुटतो. फाँट बदलत राहूनही हा दोष जात नाही, कारण तो फाँटचा नसतो.

महाजालावर तयार नमुने पुरवून तेथेच मुखपृष्ठ बनवू देणाऱ्या सेवाही आहेत. त्या सोप्या असल्या तरी किनारपट्टीवरील महाविद्यालयाने केवळ त्यांच्यावर विसंबणे श्रेयस्कर नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांचा वीज व दूरसंचार संपर्क दीर्घकाळ तुटला होता. संगणकावर बसविलेली आज्ञावली आणि मूळ धारिकेच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती ही या भागातील कामाची किमान शिस्त मानावी लागेल.

पूर्वतयारीचा क्रम

पहिली पायरी कळफलकाची. संगणकाच्या भाषाविषयक रचनेत मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करावा. त्यात ‘जे’ कळीवर ‘र’ असतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. ‘दऱ्या’ लिहिताना ‘द’, नंतर ‘ऱ’, हलन्त चिन्ह, ‘य’ व काना असा क्रम ठेवावा. उच्चारानुसारी कळफलक वापरणाऱ्यांनी आपल्या साधनात ‘ऱ’ कोठे आहे याची खातरजमा करून घ्यावी.

दुसरी पायरी फाँटची. मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेले दर्जेदार मराठी फाँट आता पुष्कळ आहेत. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या समूहाचे ‘मुक्त’ व ‘बलू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला ‘यशोमुद्रा’ आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ ही काही नावे सांगता येतील. यांपैकी शेवटच्या फाँटचा विशेष असा की त्यात ‘ल’ व ‘श’ या अक्षरांची मराठी वळणे मूळ रूपातच दिली आहेत. अनेक देवनागरी फाँटमध्ये ही दोन अक्षरे हिंदी वळणाची असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयाची २०२२ मध्ये फेररचना केली. तीनुसार मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ अपेक्षित आहेत. ‘अलिबाग’, ‘चौल’, ‘कोर्लई’ अशी नावे मुखपृष्ठावर येणार असतील तर हा मुद्दा डोळ्यांआड करता येणार नाही.

फाँट बसविताना विंडोज १० व ११ मध्ये ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडावा. अन्यथा तो केवळ त्या वेळच्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि काही आज्ञावलींच्या यादीत दिसतच नाही. संगणककक्षात प्रत्येक विद्यार्थी वेगळ्या नावाने प्रवेश करतो, तेथे ही अडचण हमखास उद्भवते.

तिसरी पायरी चाचणी-ओळीची. प्रत्यक्ष शीर्षक लिहिण्यापूर्वी पुढील शब्द निवडलेल्या फाँटमध्ये मोठ्या आकारात टंकित करावेत : दर्या, दऱ्या, किनाऱ्यावर, श्रीवर्धन, अलिबाग, मुरूड, चौल, कोळी, राष्ट्र, उद्ध्वस्त, ॲप. ‘श्रीवर्धन’मुळे ‘श्र’ व रफार, ‘अलिबाग’मुळे ऱ्हस्व वेलांटीची जागा, ‘मुरूड’मुळे ‘रू’चे विशेष रूप, ‘राष्ट्र’ व ‘उद्ध्वस्त’मुळे तीन व्यंजनांची जोडणी आणि ‘ॲप’मुळे फाँटचा अद्ययावतपणा तपासला जातो. ही तपासणी मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी करावी. संगणक विभागाने आज्ञावली बसवावी व भाषा विभागाने ती ‘वाचून’ संमत करावी, अशी ही सहकार्याची रीत आहे.

चौथी पायरी पृष्ठाच्या आकाराची. किंडलवरील ई-पुस्तकासाठी १६०० पिक्सेल रुंद व २५६० पिक्सेल उंच मुखपृष्ठ सुचविले जाते. मराठीत रुळलेल्या साडेपाच गुणिले साडेआठ इंच या डेमी आकाराचे इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणात रूपांतर केल्यास १६५० गुणिले २५५० पिक्सेल येतात. दोन्ही आकार जवळजवळ सारखे असल्यामुळे एकच रचना थोड्या फेरफाराने छापील व डिजिटल अशा दोन्ही आवृत्त्यांना चालू शकते. इंकस्केपमध्ये नवीन दस्तऐवज उघडून एकक पिक्सेल ठेवावे, वरील आकार द्यावा, चारही बाजूंनी सुमारे १०० पिक्सेल आत मार्गदर्शक रेषा आखाव्यात आणि पार्श्वभूमी, चित्र, शीर्षक व नावे असे चार स्तर करावेत. ही रिकामी रचना नमुना म्हणून जतन केल्यास पुढील प्रत्येक पुस्तकाच्या वेळी हे श्रम वाचतात.

शीर्षक, रंग आणि वाचनीयता

‘किनाऱ्यावरील बोली’ असे एक शीर्षक उदाहरणादाखल कल्पिले, तर त्याची कसोटी मोठ्या पडद्यावर लागत नाही. पुस्तकांच्या यादीत मुखपृष्ठ मूळ आकाराच्या दशांशाएवढे, म्हणजे सुमारे १६० पिक्सेल रुंद दिसते असे धरू. तेथे अक्षराची उंची निदान १२ पिक्सेल राहावयाची असेल तर मूळ रचनेत ती १२० पिक्सेलपेक्षा कमी असता कामा नये. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या व रफार आणि खाली उकार येतात. म्हणून शीर्षक दोन ओळींत असल्यास रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षरांमधील अंतर वाढविण्याचा मोहही टाळावा, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटण्याचा संभव असतो.

चर्चासत्रांच्या निबंधसंग्रहांची मुखपृष्ठे बहुधा मजकुराने गजबजलेली असतात. संस्थेची बोधचिन्हे, प्रायोजक, दिनांक, समित्या, मान्यवरांची नावे यांत शीर्षक हरवून जाते. हा सारा तपशील दुसऱ्या पानावर सन्मानाने देता येतो. मुखपृष्ठावर शीर्षक, उपशीर्षक, लेखक वा संपादक आणि प्रकाशक एवढेच असावे.

रंगांच्या बाबतीत किनाऱ्यावरील विषयांना एक विशेष धोका आहे. निळा समुद्र व तांबडा जांभा दगड ही जोडी रंगीत पडद्यावर उठून दिसते, परंतु अनेक ई-वाचकयंत्रे केवळ करड्या छटा दाखवितात. तेथे रंगाचा करडेपणा लाल, हिरवा व निळा या घटकांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ व ०.११४ असे भार देऊन काढता येतो. लाल ०, हिरवा ९०, निळा १४० या घटकांचा समुद्री निळा घेतला तर उत्तर सुमारे ६९ येते. लाल १५०, हिरवा ३५, निळा ३० असा जांभ्याचा तांबडा घेतला तरीही उत्तर ६९ च येते. म्हणजे निळ्यावर तांबड्या अक्षरांतील शीर्षक अशा यंत्रावर पूर्णतः अदृश्य होईल. यासाठी तयार मुखपृष्ठ गिंपमध्ये उघडून एकदा करड्या छटांत पाहावे. दृष्टिक्षीण वाचकांचा विचार करता मोठ्या अक्षरांसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ३ : १ आणि लहान अक्षरांसाठी ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

चित्र, छायाचित्र आणि हक्क

कुलाबा किल्ला वा जंजिरा यांचे महाजालावर सहज सापडणारे छायाचित्र उचलून मुखपृष्ठावर घालणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणची छायाचित्रे वापरता येतात, पण परवान्याप्रमाणे छायाचित्रकाराचा नामनिर्देश करावा लागतो आणि काही परवान्यांत नवी कृतीही त्याच अटींवर खुली करावी लागते. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे प्राध्यापकांनी वा विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेले छायाचित्र वापरणे व त्यांची लेखी संमती जतन करणे. मासळीबाजारातील स्त्रिया वा मिठागरातील मजूर यांची ओळखता येणारी छायाचित्रे घेताना त्यांचीही संमती असावी. ज्यांच्या जीवनावर पुस्तक लिहावयाचे त्यांनाच न विचारता त्यांचा चेहरा मुखपृष्ठावर छापणे संशोधनाच्या नीतीला धरून नाही.

जतन, निर्यात आणि शोधक्षमता

काम पूर्ण झाल्यावर तीन धारिका ठेवाव्यात. पहिली, ज्यात मजकूर अद्याप बदलता येतो अशी मूळ धारिका. दुसरी, ज्यात अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर केले आहे अशी. ती फाँट नसलेल्या संगणकावरही बिघडत नाही, म्हणून मुद्रकाकडे हीच पाठवावी. तिसरी, वितरणासाठीची प्रतिमा. पीएनजी प्रकारात अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. जेपीईजी प्रकारात धारिका लहान होते, परंतु तीत रंगांची माहिती बहुधा कमी सूक्ष्मतेने साठविली जात असल्याने रंगीत पार्श्वभूमीवरील रंगीत शिरोरेषेच्या कडा पुसट होतात. वितरकाला जेपीईजीच हवे असेल तर ते उच्च दर्जाने निर्यात करावे. या तिन्हींसोबत फाँटची धारिका व तिचा परवाना एकाच संचिकेत ठेवावा.

अखेरचा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. मुखपृष्ठावरील शीर्षक ही संगणकाच्या दृष्टीने केवळ प्रतिमा असते. शोधयंत्रे व दृष्टिहीनांची वाचनसाधने यांना ते खात्रीने वाचता येईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून ईपब पुस्तकाच्या माहितीविभागात शीर्षक, लेखक व भाषा युनिकोड मराठीत स्वतंत्रपणे भरावी लागते, मुखपृष्ठाच्या प्रतिमेला पर्यायी वर्णन द्यावे लागते आणि ती प्रतिमा मुखपृष्ठ आहे अशी नोंदही करावी लागते. येथेही ‘ऱ’ पुन्हा समोर येतो. आडवा ‘र’ साध्या ‘र’, हलन्त चिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्यानेही उमटविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरमालिका असतात. एका पद्धतीने नोंदविलेले ‘किनाऱ्यावरील’ दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडेलच याची शाश्वती नाही. यास्तव महाविद्यालयाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरण्याचा संकेत एकदा ठरवून सर्व प्रकाशनांत पाळावा. ग्रंथपालांनी तालिकेतही तोच संकेत ठेवावा. आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक घेताना छापील व डिजिटल आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक लागतो, याचीही नोंद घ्यावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, डिजिटल मुखपृष्ठासाठी लागणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध असून सामान्य संगणककक्षात ती बसविता येतात. उणीव साधनांची नसून त्यांना मराठी शिकविण्याच्या दक्षतेची आहे. कळफलक, फाँट, चाचणी-ओळ व नमुना-पृष्ठ ही पूर्वतयारी एकदाच करावी लागते, तिचा लाभ मात्र पुढील प्रत्येक प्रकाशनाला होतो. चरीच्या संपावरील टिपणे असोत वा कोर्लईच्या बोलीचा शब्दसंग्रह, अशा विषयांवर बाहेरून कोणी लिहील याची वाट पाहता येत नाही. ते काम याच परिसरातील अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे आहे. एवढ्या श्रमाने सिद्ध झालेले पुस्तक एका अक्षराच्या चुकीमुळे वाचकाला न दिसणे वा न सापडणे ही त्या श्रमांची आणि विषयाचीही हानी होय. म्हणून मुखपृष्ठाला हात घालण्यापूर्वी संगणकावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. ते दोन्ही अचूक उमटले तर पुढील कामाला निश्चिंतपणे आरंभ करता येईल.